पाण्यावर उतरायची वेळ आलीच तर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात जाऊन दुसऱ्या महायुद्धातल्या अ‍ॅव्हेंजर विमानाच्या इंजिनाखाली तेलाचे ट्रे धरून उभी असतेस हे ठाऊक होतं. आता त्याच विमानातून तुला किनाऱ्यावरच्या एअर शोला न्यायचं म्हणतायत, म्हणजे तिथल्या जुन्या मेकॅनिक मंडळींचा विश्वास तू कमावलास. फार बरं वाटलं. शेवटी तू एका ओळीत विचारलंस, की काका, समुद्रावर असताना इंजिन बंद पडलं तर काय करायचं? त्या एका ओळीला हे लांबलचक उत्तर. सावकाश वाच आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा वाच.

विमान कसं उडवायचं ते तुझे प्रशिक्षक सांगतील. नौदलात माझं काम सुरक्षा साहित्याचं. गोव्यात दाबोळीला पाणबुड्या शोधणारी अलीझे विमानं होती त्या काळात लाइफ जॅकेट, डिंगी म्हणजे फुगवायच्या छोट्या होड्या, हार्नेस म्हणजे आसनाचे पट्टे तपासायचे आणि पुढे तलावाच्या काठावर उभं राहून वैमानिकांना पाण्याखालून बाहेर यायला शिकवायचं, यातच माझी नोकरी गेली. त्यामुळे मला कळतं ते एवढंच, की पाण्यात पडलेल्या विमानातून माणसाने बाहेर कसं पडायचं. पण खरा प्रश्न तोच आहे. पाण्याची धडक बहुतेक माणसं सोसतात. जीव जातो तो त्यानंतर, आत अडकून किंवा बाहेर आल्यावर गारठून आणि दमून.

तुझ्या जवळचंच उदाहरण घे. १७ एप्रिल २०२१ला फ्लोरिडात कोको बीचच्या एअर शोमध्ये एका अ‍ॅव्हेंजरचं इंजिन दगा द्यायला लागलं. वैमानिक एकटाच होता. किनाऱ्यावर माणसांची गर्दी, पाण्यात पोहणारे. त्याने चाकं आत ठेवून विमान किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात अलगद पोटावर टेकवलं आणि स्वतः सुखरूप बाहेर आला. त्याची चित्रफीत तू पाहिली असशीलच. आता पुन्हा बघ, पण उतरणं बघू नकोस, नंतरचं बघ. विमान थांबतं तेव्हा कॉकपिटमधून बाहेर पडायला त्याच्या डोक्यावर जागा मोकळी आहे, विमान सरळ आहे, खाली तळ जवळ आहे. त्याचं कौशल्य मोठंच, पण अशी परिस्थिती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या हडसन नदीचं. १५ जानेवारी २००९ला त्या नदीवर एअरबस उतरली आणि आतली सगळी १५५ माणसं वाचली, हे जगाला माहीत आहे. त्याच नदीत २७ मे २०१६ला दुसऱ्या महायुद्धातलं एक पी-४७ थंडरबोल्ट उतरलं. एका शोच्या प्रसिद्धीसाठी छायाचित्रणाचं उड्डाण चालू होतं, बरोबर आणखी विमानं होती. अनुभवी वैमानिक, दिवसाउजेडी, दोन्ही काठांवर शहर. विमान बुडालं आणि वैमानिक त्याच्याबरोबर गेला. मृत्यू बुडून झाला. एअरबसला मोठे दरवाजे होते, रोज सराव केलेले कर्मचारी होते, ते विमान बराच वेळ तरंगत राहिलं आणि फेरीबोटी मिनिटांत पोचल्या. लढाऊ विमानात एकच माणूस, एकच वाट, नाकात टनभर वजनाचं इंजिन. नदी तीच, पण बाहेर पडायला मिळणारा वेळ अगदी वेगळा. वाचलेल्यांना आपल्याकडे म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मला ते पटत नाही. ती वेळ बरीचशी आधीच कमावलेली असते, जमिनीवर.

जुन्या लष्करी विमानांत सगळी एकसारखी नसतात हे आधी लक्षात घे. मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखाली रेडिएटरसाठी हवा घेणारं मोठं तोंड असतं. पाणी लागलं की ते पाणी ओढून घेतं आणि नाक खाली जातं, म्हणून मस्टँगच्या वैमानिकांना उंची असेल तर उडी मारा असंच शिकवत. स्पिटफायर या दुसऱ्या लढाऊ विमानाच्या पंखांखालच्या रेडिएटरांचीही तीच कथा. तुझं अ‍ॅव्हेंजर त्या मानाने सज्जन. रुंद सपाट पोट, मधोमध लावलेले पंख, आणि मुळात विमानवाहू जहाजावरून समुद्रावर जाण्यासाठीच बांधलेलं. मात्र त्याच्या पोटाला बॉम्ब-कप्प्याची दारं आहेत. ती उघडी राहिली तर पाणी आत घुसून विमान जागच्या जागी अडतं. उड्डाणाआधी वैमानिकाला विचार: पाण्यावर उतरायचं झालं तर दारं बंद आहेत हे कोण पाहणार? तो रागावणार नाही. रागावला तर त्या विमानात बसू नकोस.

आणखी एक गोष्ट जागेची. अ‍ॅव्हेंजरमध्ये वैमानिकाच्या मागे काचेच्या लांब छताखाली बसता येतं, आणि मागच्या बाजूला पोटात रेडिओमनचा कप्पा आहे, त्याचं दार उजव्या अंगाला. लोकांना त्या खालच्या कप्प्यात बसायची हौस असते, इतिहास तिथे हाताला लागतो. समुद्रावरून जाणाऱ्या फेरीत तू तिथे बसू नकोस. पाणी सगळ्यात आधी तिथे येणार. वरची जागा मिळत नसेल तर ही फेरी सोड, पुढची घे.

आता मुख्य काम. हे उड्डाणाच्या दिवशी करायचं नाही, आधी करायचं. विमान हँगरमध्ये उभं असेल तेव्हा परवानगी घेऊन तुझ्या आसनावर बस. हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, सगळं त्या दिवशी असणार तसंच घाल. पट्टे बांध. मग डोळ्यांवर रुमाल बांध आणि बाहेर पड.

पहिल्या वेळी तू अडकशील. सगळेच अडकतात. तलावावर आम्ही काळे केलेले गॉगल घालून हेच करून घ्यायचो आणि चांगले धट्टेकट्टे अधिकारी स्वतःच्याच मांडीवरचं बकल शोधत बसायचे. पाण्याखाली डोळे उघडले तरी धूसर दिसतं, नाकात पाणी जातं, विमान उलटं झालं असेल तर वर कुठे आणि खाली कुठे हे शरीराला कळत नाही. अशा वेळी माणूस जिथे दार असायला हवं असं वाटतं तिथे चाचपतो, आणि दार असतं भलतीकडे. म्हणून एक हात अशा वस्तूवर ठेवायचा जी जागची हलणार नाही: छताची चौकट, कडेची पट्टी, आसनाशेजारचा दांडा. त्या हाताला वाट पाठ करून दे. गुडघा, कडेची भिंत, पट्टी, चौकटीची धार, बाहेर. हात त्या क्रमाने सरकवत ने, प्रत्येक टप्प्यावर तळव्याला काय लागतं ते मनात म्हण: गार पत्रा, रिव्हेटांची रांग, रबरी पट्टी. विमान उलटं झालं तरी तुझं आसन आणि ती चौकट यांच्यातलं अंतर बदलत नाही. डावीकडची वाट डावीकडेच राहते. हात सुटला नाही तर माणूस हरवत नाही.

दुसरा हात बकलवर. पण बकल शेवटी सोडायचं. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी पट्टे सोडतो, आणि पट्टे सुटले की तो पाण्यात तरंगायला लागतो, ढकलायला टेकू उरत नाही. पट्ट्यात घट्ट बसलेला माणूस अडकलेलं छत जोर लावून सरकवू शकतो, मोकळा झालेला नाही. क्रम असा पाठ कर: विमान पूर्ण थांबू दे, वाटेचा हात घट्ट, हेडसेटची वायर काढ, मग बकल, मग हाताने स्वतःला ओढून बाहेर. पाय झाडू नकोस, वायरी आणि नळ्या पायातच गुंततात.

त्या वायरीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण सगळे बकलचा विचार करतात आणि वायर विसरतात. जुन्या विमानात रेडिओची जोडणी नंतर बसवलेली असते, कुठून कुठे गेली आहे ते ज्याने बसवली त्यालाच माहीत. हेल्मेटची वायर खांद्यामागून गेली असेल तर बाहेर पडताना ती मानेला फास लावते. ती ओढल्यावर सुटते का हे हँगरमध्ये बघ. सुटत नसेल तर तसं सांगून बदलून घे. कॅमेरा गळ्यात नको, छातीला बांधलेला तर मुळीच नको. स्कार्फ घरी ठेव, फोटोत कितीही छान दिसला तरी. कपडे सुती घाल, कारण पाण्याआधी आगही असू शकते.

पॅराशूट दिलं तर त्याचे पट्टे वेगळे आणि आसनाचे वेगळे, म्हणजे बकलं दोन. पाण्यावर उतरताना कोणतं कधी सोडायचं हे त्या विमानाच्या रचनेवर अवलंबून असतं, ते वैमानिकाकडून ऐकून घे आणि त्याच्यासमोर करून दाखव. नुसतं "हो, कळलं" म्हणू नकोस.

छताचं काम उतरण्याआधीच उरकायचं असतं. धडकेने चौकट वाकली तर सरकतं छत रुळांत अडकतं, आणि बाहेरून पाण्याचा दाब बसला की ते हाताने हलत नाही. म्हणून हवेत असतानाच छत पूर्ण मागे सरकवून खिट्टी लावायची. उघडं छत धडकेने पुढे येऊन आपटूही शकतं. स्पिटफायरमध्ये यावर तोड होती: कडेचं छोटं दार अर्ध्या खिट्टीवर ठेवलं की छत पुढे सरकूच शकत नसे, आणि त्या दाराच्या आतल्या अंगाला एक पहार अडकवलेली असे, छत फोडायला. तुझ्या विमानात छत मागे कशाने अडतं ते स्वतःच्या बोटाने तपास.

प्रत्यक्ष उतरण्याबद्दल तुला एवढंच माहीत असू दे. वैमानिकाला इंजिनची शक्ती थोडी जरी शिल्लक असेल तर ती असतानाच उतरणं शहाणपणाचं, पुरतं बंद पडायची वाट बघत बसू नये. वेग जितका कमी तितकं बरं, कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ७० नॉटऐवजी ९० नॉटने टेकलं तर दीडपटीहून जास्त. लाटा मोठ्या असतील तर त्यांच्या रांगांना समांतर, वाऱ्याचा वेग जास्त असेल तर वाऱ्याच्या तोंडावर. दोन्ही एकत्र जमत नाही तेव्हा वैमानिकाचा कस लागतो. आणि उद्या तू स्वतः पुढच्या आसनावर बसशील तेव्हासाठी: शांत पाण्यावर विश्वास ठेवू नकोस. २१ जुलै १९४८ला अमेरिकेतल्या लेक मीडवर एक बी-२९ बॉम्बर विमान आरशासारख्या पाण्याजवळून उडत होतं. खाली पाणी नेमकं किती अंतरावर आहे हे कळलंच नाही, विमान पाण्याला घासलं आणि इंजिनं तुटून पडली. आतले पाचही जण तराफ्यांवर चढून वाचले, विमान अजून त्या तळ्याच्या तळाशी आहे.

टेकताना दोन धक्के बसतात. पहिला शेपटीचा, सौम्य. दुसरा नाकाचा, तो खरा. पहिल्या धक्क्यानंतर "झालं, उतरलो" असं वाटून पट्टा सोडणारी माणसं दुसऱ्या धक्क्यात समोरच्या पत्र्यावर आपटतात. त्यानंतरही विमान फिरेल, पाणी उडेल, काही दिसणार नाही. सगळी हालचाल थांबेपर्यंत पट्टा नाही म्हणजे नाही. मग मात्र रेंगाळायचं नाही. हाती अर्धं मिनिट आहे असं धरून चाल.

लाइफ जॅकेट आत फुगवायचं नाही. तुझ्या आईलाही विमानप्रवासाआधी हे सांगत जा, कारण ही सूचना सगळे ऐकतात आणि धांदलीत विसरतात. २३ नोव्हेंबर १९९६ला कोमोरोस बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं विमान समुद्रात पडलं. १७५ जणांपैकी १२५ गेले. त्यांतल्या अनेकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी वर चढलं तशी ती माणसं छताला चिकटली आणि खाली बुडी मारून दारापर्यंत जाऊ शकली नाहीत. तुझ्या अंगावर जॅकेट असेल, पण दोरी खेचायची ती आकाश दिसल्यावर.

बाहेर आल्यावर पाण्यावर पेट्रोल पसरलेलं असतं. डोळे आणि फुप्फुसं जाळतं ते. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला पोहत दूर जा. किनारा अगदी हाताशी नसेल तर पोहत सुटू नकोस, वैमानिकाला शोध आणि दोघं एकमेकांना धरून राहा. पाणी गार असेल तर पहिलं मिनिट फक्त श्वास सांभाळायचं. गार पाण्याच्या धक्क्याने माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढंच पुरतं. नंतर गुडघे छातीशी घेऊन थांब, ऊब टिकते.

अंगावर ४०६ मेगाहर्ट्झचा छोटा बीकन, म्हणजे संकटाची हाक उपग्रहाला पाठवणारं यंत्र, ठेव, जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधून. जुन्या विमानात कधीकधी १२१.५ मेगाहर्ट्झचाच जुना बीकन असतो. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह तो ऐकत नाहीत. आणि विमानात बसवलेला बीकन नवा असला तरी विमानाबरोबर बुडाला की त्याचा अँटेना पाण्याखाली, मग हाक कोणाला ऐकू जाणार? म्हणून तुझ्या अंगावरचा तोच खरा. शिट्टी आणि छोटा आरसाही ठेव, दोघांचं वजन काहीच नाही.

१९४२ साली इंग्लंडमध्ये सी. ए. रॉबर्टसन यांनी गोल्डफिश क्लब सुरू केला होता. समुद्रात विमान उतरवून डिंगीच्या किंवा जॅकेटच्या आधाराने वाचलेल्या वैमानिकांसाठी. ते स्वतः अशाच जीवरक्षक साहित्याच्या कारखान्यात आरेखक होते. युद्धातल्या टंचाईत बिल्ल्यासाठी कापड मिळेना, तेव्हा जुन्या मेजवानीच्या काळ्या कोटांचं कापड वापरून त्यावर पंखवाला मासा भरतकामाने काढत. माझ्या कामाची माणसं कुणाला आठवत नाहीत, पण या माणसाबद्दल मला फार आदर आहे. ज्यांचा जीव वाचला त्यांच्याशी गाठ राखली म्हणजे पुढचं जॅकेट कुठे सुधारायचं ते कळतं.

शक्य असेल तर पाण्याखालून बाहेर पडायचं प्रशिक्षण घे. आपल्याकडे जुहूहून हेलिकॉप्टरने बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात जाणाऱ्या कामगारांना ते घ्यावं लागतं. २८ जून २०२२ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रावर उतरलं, नऊपैकी चार जण गेले, तेव्हापासून ते प्रशिक्षण चुकवू नका असं मी भेटेल त्या पोराला सांगतो. तिकडे लुइझियानात तेलक्षेत्राच्या कामगारांसाठी अशी केंद्रं आहेत, बाहेरच्यांनाही पैसे भरून जाता येतं का ते चौकशी करून बघ. पैसे कमी पडले तर मला कळव, संकोच करू नकोस. एकदा उलटं होऊन नाकात पाणी गेलं आणि तरी हात जागचा सुटला नाही, की शरीराला ते कळतं. वाचून ते कळत नाही.

गोव्याला येशील तेव्हा बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आपण जाऊ. अलीझे तिथे उभं आहे. आतून तिघंजण कसे बाहेर पडायचे ते तुला विमानापाशी उभं राहून दाखवीन.

सध्या एक काम कर. तुझ्या आसनाच्या हार्नेसच्या बकलचा आणि छताच्या खिट्टीचा फोटो काढून पाठव, दोन्ही बाजूंनी, हात लावलेला असताना. बकल फिरवून सुटतं की उचलून, हातमोज्यात बोटं बसतात का, हे बघून मी उत्तर लिहितो. उड्डाण कोणत्या तारखेला आहे तेही कळव. आणि आईला आजच फोन करून सांग. तिला काळजी वाटेल, वाटू दे. तू काय काय तयारी केलीस ते तिला सांग, आणि रुमाल बांधून बाहेर पडायला किती सेकंद लागले तेही सांग.

तुझे काका